स्लॅबखाली सीपॅप

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंबरनाथहून बदलापूरला येताना मी चालत्या स्कूटरवर झोपले. वेळ सकाळची होती, रस्ता कोरडा होता, समोर वाहन नव्हतं. स्कूटर दुभाजकाला घासून आडवी झाली. मागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांचे डोळे तपासून आम्ही परत येत होतो. त्यांचं डावं मनगट मोडलं. मला खरचटलं.

डोळा लागल्याचं मला आठवत नाही. दुभाजक आठवतो.

मी एका दैनिकाची बातमीदार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरं माझं बीट होती. पालिका, पाणी, रस्ते, अपघात. या कामाला स्कूटर लागते. अपघातानंतर संपादकांचा फोन आला. त्यांनी आधी सासूबाईंची चौकशी केली, मग माझी, आणि मग म्हणाले, "डॉक्टर लेखी देईपर्यंत तू फील्डवर जायचं नाही. उद्या आमच्या कामावर असताना झोपलीस तर जबाबदारी कोणाची? पत्र आण. बीट तुझंच आहे."

पुढे जे झालं ते त्या पत्रासाठी झालं.

निदान

उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे मी आणि माझा नवरा प्रवीण गेलो. तो आनंदनगरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवार धरला. झोपेची तपासणी आधीच झाली होती; अंगाला वायरी लावून झोपवतात आणि यंत्र नोंद घेतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घोरता का?"

उत्तर प्रवीणने दिलं. "अख्ख्या बिल्डिंगला माहितीये, डॉक्टर."

तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. "आप हस रहे हैं. यांचा श्वास झोपेत थांबतो. पुन्हा पुन्हा थांबतो. रात्रभर मेंदू यांना जागं करतो, म्हणून दिवसा झोप येते."

घरात माझ्या घोरण्यावर विनोद होते. दिराने मोबाइलमध्ये ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं आणि पाहुण्यांना ऐकवत असे. दिवसा झोप यायची त्याला आळस म्हणत. प्रवीणही घोरतो. त्याला थकवा म्हणतात. मी अनेक वर्षं रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या, थायरॉइड तपासून घेतलं, वजन कमी करण्याचे सल्ले ऐकले. झोपेविषयी कोणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. बाईने घोरते म्हणून डॉक्टरकडे जाणं मला लाजिरवाणं वाटत होतं.

उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवायचं लहान यंत्र. ते खोलीतली हवा ओढून घेतं आणि नळी व मास्कमधून दाबाने नाकात सोडतं, त्यामुळे घसा मिटत नाही. यंत्राला पाण्याचं छोटं भांडं असतं, नाक कोरडं पडू नये म्हणून. यंत्रात एक कार्ड असतं आणि मास्क किती वेळ लावला याची नोंद त्यात होते.

"मे एंडला कार्ड घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "रेकॉर्ड बघू, तुमची दिवसाची झोप बघू. ठीक असेल तर गाडी चालवायचं पत्र देतो. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

एप्रिलमध्ये मी आमच्या बेडरूममध्ये मास्क लावून झोपले. त्या खोलीत एसी होता. पहिल्या काही रात्री मास्क काढून फेकला. मग सवय झाली. एका सकाळी उठले आणि डोकं जड नव्हतं. मला वाटलं काहीतरी चुकलं आहे. दुपारी पेपर वाचताना झोप आली नाही. बसल्याजागी मान पडायची ती थांबली. उपचार लागू पडतो याची माझ्यापुरती खात्री झाली.

घर

आमचं घर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात शेवटच्या मजल्यावर आहे. इमारत उभी आहे ती जमीन सासऱ्यांची होती. तिथे भात व्हायचा. बिल्डरने मोबदल्यात जागा देताना मजला विचारला. सासऱ्यांनी सगळ्यात वरचा मागितला. आपल्याच जमिनीवर दुसऱ्याच्या पायाखाली राहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या ओळखीच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी असंच केलं. वर फक्त गच्ची. मे महिन्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत उष्णता खाली सोडतो. सासरे आता नाहीत. स्लॅब आहे.

घरात दोन बेडरूम आणि एक एसी. मे महिन्यात धाकटा दीर महेशचं लग्न होतं. नव्या जोडप्याला एसीची खोली द्यायची हे कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं. मोठ्या सुनेने स्वतःहून बोलायचं असतं. मी बोलले. सगळ्यांनी "वहिनीचं मन मोठं" म्हटलं. दुसरा एसी लग्नानंतर घेऊ, असं प्रवीण म्हणाला.

माझं यंत्र सासूबाईंच्या खोलीत गेलं. प्रवीण हॉलमध्ये झोपू लागला. मुलगा पुण्याला शिकायला आहे.

हळद

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते. मांडव, बॅन्ड, डीजे, गावजेवण. त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. यंत्र धक्क्याने पडू नये म्हणून प्रवीणने ते उचलून कपाटावर ठेवलं. तिथे ते सगळ्यांना दिसलं.

"काय गो, ये काय हाय?" सासूबाईंच्या जाऊबाईंनी विचारलं.

"वैनी रातची इमान चालवते," महेश म्हणाला. "पायलट हाय ती."

"इमान?" सासूबाई प्लास्टरचा हात वर करून म्हणाल्या. त्या प्लास्टरलाही कोणीतरी हळद फासली होती. "हिना इमान देऊ नका रं. स्कूटरवर बसलू त हात मोरला. इमानान् बसलू त वरच जाईन."

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. एका मुलीने मास्क काढून आणला, तोंडाला लावला आणि सोंड हलवत हॉलमध्ये फिरली. तिचे फोटो काढले गेले. त्यातले दोन माझ्याकडे आले आहेत.

मास्क मी साबणाच्या पाण्याने धुतला. त्या रात्री तो लावला नाही. खोलीत बायका दाटीने झोपल्या होत्या आणि यंत्राच्या प्लगवर मोबाइल चार्ज होत होते.

उकाडा

यंत्र हवा गार करत नाही. ही माहिती मला आधी कोणी दिली नव्हती, म्हणून इथे लिहिते. खोलीत जी हवा आहे तीच ते देतं, आणि मोटर व नळीतून जाताना ती किंचित तापतेच. तापलेल्या खोलीत मास्क लावणं म्हणजे तापलेली हवा दाबाने नाकात घेणं. मास्कच्या कडेला घाम येतो. घामाने सिलिकॉन सरकतं, हवा डोळ्यांवर फुटते. पट्टा घट्ट केला तर गालावर वळ उठतो. सुटका एकच दिसते, मास्क काढणं. झोपेत हात ते आपोआप करतो. सकाळी मास्क उशीखाली सापडायचा.

लग्न आटोपलं तरी यंत्र कपाटावरच राहिलं. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं त्यातलं जे उपयोगी पडलं ते असं. यंत्र उंचावर नको, स्लॅबजवळची हवा सगळ्यात गरम असते. मी थर्मामीटर कपाटावर आणि मग फरशीजवळ ठेवून पाहिला. चार अंशांचा फरक होता. यंत्र बुटक्या पाटावर आणलं, खिडकीपासून आणि तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. थेट फरशीवर ठेवलं नाही, धूळ ओढली जाते. भांड्याखालची हीटर प्लेट बंद केली. नळीवरचं लोकरी कव्हर काढलं, ते थंडीसाठी असतं. फिल्टर वारंवार बदलला. मास्कच्या कडेला जुन्या सुती साडीची पट्टी लावली.

भांड्यात बर्फही घालून पाहिला. तो डॉक्टरांनी सांगितला नव्हता. तो वितळला, पाणी खुणेच्या वर गेलं आणि थेंब नळीतून नाकात आले. पुन्हा घातला नाही.

या सगळ्याने थोडा फरक पडला. एसीएवढा पडला नाही. मधेच वीज जायची. वीज गेली की यंत्र थांबतं आणि मास्क ताबडतोब काढावा लागतो. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा एवढंच होतं.

लग्नानंतरच्या आठवड्यात मी प्रवीणला म्हणाले, "एसीचं बघ."

"आत्ताच? लोक म्हणतील नवी सून आली आणि हिला लगेच एसी पाहिजे."

"मला पत्र पाहिजे."

"ए वैशाली, एक महिन्याचा प्रश्न आहे. आई एवढी वर्षं याच खोलीत झोपते ना?"

मी त्या महिन्यात घरबसल्या डेस्कला मदत करत होते. आलेल्या प्रेसनोटांच्या बातम्या करायच्या. उष्माघातापासून बचाव कसा करावा, ही बातमी मी दोनदा केली. भरपूर पाणी प्यावं, थंड जागी विश्रांती घ्यावी.

वाळा

मग काही रात्री अचानक बऱ्या गेल्या. हवा गार वाटायची. तिला वाळ्याचा वास होता. सासूबाईंच्या पलंगाशी त्यांचा छोटा माठ असतो आणि उन्हाळ्यात त्यात वाळ्याची जुडी असते. वास तिथून येतो असं मी धरून चालले. मास्क सकाळपर्यंत नाकावर राहिला. दुपारची झोप पुन्हा गेली. मी मनात बातम्यांची यादी करू लागले.

त्यानंतर खोकला सुरू झाला आणि एका संध्याकाळी यंत्र सुरूच झालं नाही. बटण दाबलं, आतून गुळगुळ आवाज आला आणि पडदा काळा झाला.

उल्हासनगरच्या ज्या दुकानातून यंत्र घेतलं होतं तिथे मी आणि प्रवीण गेलो. दुकानदाराने ते टेबलावर उघडलं. भांड्याच्या तोंडाशी आणि आतल्या झोताच्या वाटेत तपकिरी तंतू अडकले होते. मोटरमध्ये पाणी गेलं होतं.

"मॅडम, इसमें घास किसने डाली?"

"घास?"

त्याने चिमट्याने एक काडी काढून नाकाजवळ नेली आणि प्रवीणला म्हणाला, "खस है ये. साईं, ये मशीन है, शरबत का जग नहीं." मग काउंटरवरच्या माणसाला हाक मारली, "अरे देख, कूलर बना दिया!" तो आत जाऊन दुसऱ्या दोघांनाही घेऊन आला. सगळ्यांनी वास घेतला.

पाणी गेलेलं यंत्र वॉरंटीत बसत नाही, असं त्याने सांगितलं. बदली यंत्र भाड्याने मिळेल, पण पुढच्या आठवड्यात.

रिक्षात बसल्यावर प्रवीण म्हणाला, "आईच."

तो बरोबर होता. सासूबाई संध्याकाळी माझ्या आधी खोलीत जात. यंत्राचं भांडं काढत, माठातलं पाणी काठोकाठ भरत, वाळ्याच्या दोन काड्या धुऊन टाकत आणि एका हाताने, तिरपं, परत बसवत. सकाळी माझ्या आधी उठून काड्या काढत. हे सगळं त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीने मला नंतर सांगितलं. त्यांचं वाक्य असं होतं: "पोर रातभर तलमलते. माठान् घालतू त यान् का नको?"

"तिला काही बोलू नकोस," प्रवीण म्हणाला. "तुझ्यामुळे हात मोडला, ते ती हसून बोलते. आता तिच्यामुळे मशीन मोडली हे तिला कळलं तर ती हसणार नाही. जेवण सोडेल."

"मग परत घालेल."

"मी बघतो."

घरी सासूबाईंनी विचारलं, "मशीन कशान् बिगरली?"

"जुनी होती, आये," प्रवीण म्हणाला.

"दुकानवाल्यान् फसवलाय तुमाना."

मी चहा टाकायला आत गेले. हात त्यांचा मोडला होता. ते माझ्याकडून झालं होतं.

तपासणी

मेअखेर मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले. पडद्यावर त्यांनी हिरव्या आणि लाल रेघा दाखवल्या. एप्रिल हिरवा होता. मेचा पहिला भाग लाल. मग एक छोटा हिरवा तुकडा, आणि त्यापुढे काहीच नाही.

"ये क्या हुआ?"

मी सांगितलं. त्यांनी छाती तपासली, खोकल्याचं औषध लिहिलं. मग म्हणाले, "ताई, मला कळतंय. लेकिन इस पर मैं साइन नहीं कर सकता. उद्या परत काही झालं तर? सलग रेकॉर्ड आणा. आणि भांड्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर."

संपादकांना मी फोनवर कळवलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पावसाळा तोंडावर आहे, नालेसफाई सुरू झालीये. बीट रिकामं ठेवता येत नाही. तात्पुरतं दुसऱ्याला देतोय. तात्पुरतं."

भाड्याचं यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी लवकर खोलीत गेले. सासूबाई पाटाशी बसल्या होत्या. भांडं मांडीत होतं, वाळ्याच्या काड्या वाटीत भिजत होत्या.

"बस गो," त्या म्हणाल्या. "तुना सांगनार होतू. ह्या टाकला का कशी गार हवा येते बघ. पयल्या मशीनला बी टाकत होतू, तुना कललाच नाय."

प्रवीण दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कळलं होतं, आई," मी म्हणाले. "झोप लागायची."

झोप लागायची हे खरं होतं. तेवढंच बोलले. त्या खुशीत आल्या आणि त्यांनी अजून एक काडी टाकली.

त्या झोपल्यावर मी भांडं रिकामं करून धुतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी मी यंत्र पिशवीत भरलं आणि अंबरनाथला आईकडे गेले.

अंबरनाथ

आईचं घर तळमजल्यावर आहे. एसी नाही. समोर चिंच आहे, भिंतीला ऊन लागत नाही. रात्री फरशी गार असते. यंत्र पाटावर, पंखा पायाकडून, भांड्यात डिस्टिल्ड वॉटर. पहिल्याच रात्री मास्क सकाळपर्यंत राहिला.

बदलापूरला दोन अर्थ निघाले. नातेवाइकांच्या मते मोठीला धाकटीचं येणं पाहवलं नाही. सासूबाईंचा अर्थ त्यांनी स्वतः फोनवर सांगितला.

"माझ्या खोलीन् झोपाला लाज वाटते तुना?"

"तसं नाही, आई. इथे गार आहे."

"मंग मी गार करीत व्हतू त काय होता?"

माझ्याकडे उत्तर होतं. प्रवीणने मला दिलेली ताकीदही होती. मी म्हणाले, "थोडे दिवस. डॉक्टरचं पत्र मिळेपर्यंत."

"पत्र मिलाला मायेरला जावा लागता, ह्या आजच आयकला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी फोन केलेला नाही. मी केला तर नवी सून उचलते आणि म्हणते, "आई झोपल्यात, वहिनी." दुपार असो की सकाळ.

प्रवीण शुक्रवारी येतो. चहा घेतो. एकदा म्हणाला, "एसी बघून आलो." दुसऱ्यांदा म्हणाला की घेतला, हॉलमध्ये बसवला, पाहुण्यांच्या दृष्टीने तेच बरं पडतं. मी विचारलं, आईंना वाळ्याचं सांगितलंस का. तो म्हणाला, "आता कशाला? तू इथेच आहेस ना."

माझी आई या सगळ्यात एकदाच बोलली. तिने यंत्राचा आवाज ऐकत विचारलं, "हे जन्मभर?"

"हो."

"बरं. मग तुझी गादी इकडे भिंतीशी घालते. पाय लागत नाही कुणाचा."

उल्हासनगरला डॉक्टरांकडे जायला मी शेअर रिक्षा धरते. पालिकेच्या बातम्या दुसऱ्याच्या नावाने येतात. त्यात एका प्रभागाचं नाव सलग चुकत होतं. मी डेस्कला कळवलं. पुढच्या बातमीत ते दुरुस्त होतं.

जूनमध्ये डॉक्टरांनी कार्ड पुन्हा पाहिलं. अंबरनाथला आल्यापासूनच्या रेघा हिरव्या होत्या. दिवसा जागं राहण्याची तपासणीही त्यांनी करून घेतली. मग पत्र लिहिलं: रुग्णाचा उपचार नियमित असून सध्या दुचाकी चालवण्यास हरकत नाही, उपचार सुरू ठेवणे आवश्यक.

त्या पत्राचा फोटो मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच संपादकांना पाठवला. त्यांनी तो पाहिल्याच्या निळ्या खुणा दुपारी आल्या. हा मजकूर लिहून होईपर्यंत उत्तर आलेलं नाही.